विहिरीपासून पेल्यापर्यंत: कोकणातल्या घरात पिण्याच्या पाण्यातलं शिसं कसं टाळायचं

गावात घर घेताना किंवा वडिलोपार्जित घर पुन्हा राहतं करताना पाण्याबद्दल दोन प्रश्न हमखास विचारले जातात. विहिरीला मे महिन्यात पाणी टिकतं का, आणि पाणी गोडं आहे की मचूळ. तिसरा प्रश्न सहसा राहून जातो. विहिरीतलं चांगलं पाणी पेल्यात येईपर्यंत कोणकोणत्या धातूंना आणि पाइपांना लागून येतं? पाण्यात शिसं शिरतं ते बहुतेक वेळा याच वाटेवर. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, त्यामुळे घरात कितीही जाणती माणसं असली तरी नुसतं पिऊन ते कळत नाही.

रायगडच्या किनाऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत नव्याने राहायला आलेल्यांसाठी, घर बांधायला काढलेल्यांसाठी आणि होमस्टे सुरू करणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. यातली पहिली दोन कामं आजच, एक पैसाही खर्च न करता करता येतात.

आपलं पाणी शिसं का ओढतं

या विषयावरच्या बातम्या बहुतेक अमेरिकेतल्या असतात. तिथे रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत शिशाचेच पाइप टाकले जात. 1986 मध्ये त्यावर बंदी आली, तरी जुने पाइप लाखो घरांसाठी जमिनीत तसेच राहिले. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी घेतलं, पण पाइप झिजू नयेत म्हणून जे रसायन घालायचं असतं ते घातलं नाही. पाइप जुनेच होते, पाणी तेवढं बदललं आणि शिसं घराघरांत पोचलं. म्हणजे पाइपात शिसं असणं हा अर्धा भाग झाला. ते बाहेर काढणारं पाणीही लागतं.

आणि तसं पाणी कोकणात आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस जांभ्यातून झिरपून विहिरीत उतरतो. लाखो वर्षांच्या पावसाने त्या दगडातले क्षार आधीच धुऊन नेले आहेत. त्यामुळे आपलं पाणी मऊ असतं, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो. पण हेच पाणी किंचित आम्लधर्मीही असतं. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा पीएच 6.5 ते 8.5 असावा, आणि जांभ्यातल्या विहिरींचा तो पुष्कळदा 6.5 च्या खाली भरतो. देशावर बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो. तसाच थर तिथल्या पाइपांना आतून बसतो आणि धातू पाण्यापासून झाकला जातो. आपल्याकडे पातेलं स्वच्छ राहतं, पाइपही आतून उघडाच राहतो, आणि पाणी धातूला लागत राहतं. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात तेव्हा क्षार वाढतात खरे, पण ते मिठाचे. त्यांनी संरक्षण होत नाही. उलट दोन वेगळे धातू जिथे जोडलेले असतात तिथली झीज वाढते.

पागोळीचं पाणी साठवून पिणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच.

पहिलं काम: पाण्याच्या मागे चालत जा

एक वही घ्या आणि विहिरीपासून सुरुवात करा. कोकणातल्या घरात अख्खा शिशाचा पाइप सापडणं दुर्मीळ. फार जुन्या बंगल्यात किंवा वाड्यात शंका आली तर पाइप नाण्याने हलका खरवडा. शिसं मऊ असतं, खरवडलं की चांदीसारखं चमकतं आणि त्याला लोहचुंबक चिकटत नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपला चिकटतं. आपल्याकडे शिसं येतं ते छोट्या-छोट्या तुकड्यांतून, म्हणून प्रत्येक तुकडा बघावा लागतो.

विहिरीत, पाइपाच्या खालच्या टोकाला फूट वाल्व आहे का, पितळी की प्लास्टिकचा? मोटरनंतर कोणता पाइप? टाकीच्या तळाशी निघणारा निप्पल, त्यावरचा बॉल वाल्व, भिंतीतले कोपरे, आणि शेवटी स्वयंपाकघरातला नळ. पितळ लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्यात मुद्दाम थोडं शिसं घालतात. वरून क्रोम चढवलेलं असलं तरी नळाच्या पोटात, जिथे पाणी थांबतं तिथे, पितळच असतं. नवा नळ सुरुवातीच्या काळात जास्त शिसं सोडतो, त्यामुळे नवं घर म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

जीआय पाइपच्या जस्ताच्या मुलाम्यातही अशुद्धी म्हणून शिसं असू शकतं. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे जुने आटे. आटे गळू नयेत म्हणून प्लंबर ताग गुंडाळून त्यावर सफेदा किंवा शेंदूर लावत. शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड, आणि जुन्या सफेद्यातही शिसं असायचं. सांध्याबाहेर लाल किंवा पांढरा वाळलेला लेप आणि तागाचे धागे दिसले तर वहीत त्या सांध्यापुढे खूण करा. शिवाय जीआय आतून गंजला की त्या गंजात शिसं अडकून बसतं आणि पाइपाला धक्का लागला, मोटर जोरात सुरू झाली, की खपल्या सुटून एकदम येतं.

पीव्हीसी पाइपचं काय? पीव्हीसी बनवताना उष्णतेने बिघडू नये म्हणून स्टॅबिलायझर घालतात, आणि आपल्याकडे बराच काळ ते शिशाचं असायचं. केंद्र सरकारने 2021 मध्ये पीव्हीसी पाइपांतल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबाबत नियम आणले. त्याआधीचे, विशेषतः गडग्यावरून उन्हात पडून असलेले विनाछापाचे करडे पाइप शंकास्पद समजा. वायरिंगचे पाइप किंवा सांडपाण्याचे पाइप पिण्याच्या लाइनला जोडलेले दिसतात, ते तर काढाच.

दुसरं काम: थांबलेलं पाणी पिऊ नका

शिसं पाण्यात उतरायला वेळ लागतो. मोटर लावल्यावर टाकीत पडणारं वाहतं पाणी पाइपाला क्षणभर लागतं, पण रात्री झोपल्यापासून सकाळच्या चहापर्यंत नळात आणि भिंतीतल्या पाइपात अडकलेलं पाणी सहा-सात तास धातूला लागून असतं. आणि नेमकं तेच पहिलं पाणी आपण चहाच्या भांड्यात घेतो.

किती पाणी सोडायचं याचा हिशेब सोपा आहे. अर्ध्या इंची पाइपात एका मीटरला पाव लिटरपेक्षाही कमी पाणी मावतं, पाऊण इंचीत साधारण तिसरा हिस्सा लिटर, एक इंचीत सुमारे अर्धा लिटर. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत अर्ध्या इंचीचे 10 मीटर असतील तर दोन लिटरच्या आत पाइप रिकामा होतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट सोडा, म्हणजे अर्धी बादली. हे पाणी वाया घालवायचं नाही. मे महिन्यात तर नाहीच. त्याने भांडी घासा, लादी पुसा, माडाच्या आळ्यात ओता. सकाळी आधी आंघोळी-कपडे आणि मग पिण्याचं पाणी असा क्रम लावला तरी काम होतं, फक्त न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एकाच पाइपावर असायला हवं. तरीही स्वयंपाकघराच्या नळातलं शेवटच्या तुकड्यातलं पाणी वेगळं सोडावंच लागतं.

मग दिवसभराचं पिण्याचं पाणी एकदमच कळशीत किंवा माठात भरून ठेवा. पुन्हा पुन्हा सोडायला नको.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नेहमी गार पाणी घ्या. गिझर, सोलर किंवा बंबातलं गरम पाणी भातात, चहात, बाळाच्या दुधात वापरू नका. गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं, आणि जुन्या बंबाच्या जोडांवर कधी कशाने झाळकाम केलेलं आहे हे कुणालाच माहीत नसतं. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. उकळल्याने शिसं जात नाही. वाफेने पाणी कमी होतं आणि उरलेल्यात शिशाचं प्रमाण वाढतं. तुरटी, मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब), टीसीएल (ब्लीचिंग पावडर), यूव्हीचा दिवा यांचा उपयोग जंतूंवर किंवा गढूळपणावर आहे. शिशावर नाही.

बंद घर उघडताना

हा भाग चाकरमान्यांसाठी. मे महिन्याची सुट्टी संपली की घराला कुलूप लागतं ते थेट गणपतीला उघडतं, आणि गणपतीनंतर बंद झालेलं घर पुष्कळदा शिमग्याला. एवढे महिने पाइपात तेच पाणी. आल्याबरोबर दार उघडून नळाखाली तांब्या धरणाऱ्या लहान मुलांना त्यातलं पहिलं पाणी मिळतं.

घर उघडल्यावर टाकी पूर्ण रिकामी करून घासून घ्या आणि ताजं पाणी भरा. मग प्रत्येक नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. तिच्यात तांबूस कण, पांढुरकी भुकटी, कधी चमकणारे बारीक कीस अडकलेले असतात, आणि पाणी त्यांना घासूनच बाहेर येतं. जाळी ब्रशने धुवा, पण लगेच बसवू नका. जाळीशिवाय सगळे नळ, टाकीच्या सर्वात जवळच्यापासून सुरुवात करून, पाच-दहा मिनिटं पूर्ण सोडा. पाणी स्वच्छ झालं की जाळ्या बसवा. पहिल्या दिवशी पिण्यासाठी थेट विहिरीवरून दोरी-बादलीने शेंदलेलं पाणी गाळून, उकळून घेतलं तर उत्तम. इथे उकळणं जंतूंसाठी.

घर बंद करून जाताना टाकीचा वाल्व बंद करून नळ उघडे ठेवा, पाइप रिकामा होऊ द्या. परत आल्यावरचं काम त्यामुळे टळत नाही, पण कमी होतं.

तिसरं काम: तपासणी

ग्रामपंचायतीकडे असतं ते पाणी तपासणीचं किट शिसं दाखवत नाही. पीएच, कठीणपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट असे घटक त्यात कळतात. त्यातला पीएच मात्र जलसुरक्षकाकडून (गावातलं पाणी तपासायची जबाबदारी असलेल्या माणसाकडून) जरूर बघून घ्या, कारण तो 6.5 च्या खाली असेल तर पुढची तपासणी टाळू नये. पंचायतीला मिळालेलं हिरवं कार्ड स्रोताभोवतीच्या स्वच्छतेबद्दल आणि पाण्यात टीसीएल वगैरे नीट घातलं जातं का याबद्दल असतं. तुमच्या नळातल्या शिशाबद्दल ते काही सांगत नाही.

फिल्टर विकायला येणारे टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं मीटर, बुडवून दाखवतात. त्याचा एक आकडा म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम. शिशाची मर्यादा आहे 0.01 मिलिग्रॅम. मर्यादेच्या दहापट शिसं असलं तरी मीटरचा आकडा हलणार नाही, आणि कोकणातलं कमी टीडीएसचं पाणी तर मीटरवर फारच छान दिसतं.

शिशासाठी प्रयोगशाळाच लागते. जिल्हा मुख्यालयात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, आणि जल जीवन मिशनखाली सरकारी प्रयोगशाळा सर्वसामान्यांसाठीही नाममात्र दरात खुल्या केल्या आहेत. जाण्याआधी फोन करून “शिसं तपासता का” एवढं नेमकं विचारा. तिथे होत नसेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा शोधा, आणि त्यांची मान्यता पाण्यातल्या जड धातूंसाठी आहे ना हे बघा. बाटली त्यांच्याकडूनच घ्या.

तीन नमुने द्या, हा माझा आग्रह आहे. एकाच नमुन्याने शिसं आहे की नाही एवढं कळतं, कुठून येतं ते कळत नाही.

रात्री शेवटचा वापर झाल्यावर घरातला एकही नळ उघडू नका, संडासची टाकीसुद्धा भरू देऊ नका. किमान सहा तास. सकाळी स्वयंपाकघराच्या नळाची जाळी न काढता, नेहमीच्या धारेने, पहिला लिटर पहिल्या बाटलीत घ्या. थेंबही आधी सांडू नका. मग पाइप रिकामा होईपर्यंत पाणी सोडून दुसरी बाटली. तिसरी विहिरीवरून, पितळी नसलेल्या स्वच्छ बादलीने शेंदून. तिन्हीवर पहिला, दुसरा, तिसरा असं लिहा, कारण प्रयोगशाळेत बाटल्यांची अदलाबदल झाली तर सगळी मेहनत वाया जाते. नमुना देताना पीएच आणि कठीणपणाही मागून घ्या.

अहवाल वाचताना

मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम. मानकात याला कोणतीही सूट नाही. जुन्या 1991 च्या मानकात हीच मर्यादा 0.05 होती, आणि काही ठिकाणी अजून त्याच अंदाजाची यंत्रपद्धती वापरतात. म्हणून अहवालात नुसतं “बीडीएल” लिहिलेलं असेल, म्हणजे यंत्राला दिसलं नाही, तर यंत्राला कमीत कमी किती दिसतं ते विचारा. ते 0.01 पेक्षा बरंच कमी असेल तरच त्या शेऱ्याला अर्थ आहे.

पहिला नमुना जास्त, दुसरा कमी असेल तर दोष नळात आणि शेवटच्या वाल्व-कोपऱ्यांत आहे. ही बातमी त्यातल्या त्यात बरी, कारण दुरुस्ती स्वस्त असते. पहिले दोन्ही जास्त आणि विहीर स्वच्छ असेल तर मधला पाइप, टाकीची जोडणी किंवा गंजलेला जीआय. विहिरीचा नमुनाच जास्त आला तर पुन्हा एकदा तपासून खात्री करा. नैसर्गिकरीत्या पाण्यात एवढं शिसं क्वचितच असतं, त्यामुळे विहिरीजवळ इन्व्हर्टर किंवा गाडीच्या जुन्या बॅटऱ्या पडल्या आहेत का, कुणी जाळ्यांसाठी शिसं वितळवतं का, हे बघावं लागेल. कोळीवाड्यांतल्या घरांनी जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या विहिरीच्या कठड्यावर किंवा स्वयंपाकघरात ठेवू नयेत, आणि शिसं वितळवणं मुलांपासून आणि पाण्यापासून पूर्ण लांब करावं. त्या धुराने होणारं नुकसान पाण्यापेक्षा कमी नाही.

10 च्या आतला आकडा आला म्हणून विषय संपत नाही. जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानत नाही. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर 5-6 आकड्यालाही नळ बदलावा असं मला वाटतं. मोठी माणसं पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषतात, लहान मुलं जवळजवळ निम्मा. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. मोठ्यांत रक्तदाब आणि मूत्रपिंडावर. हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरून बाळापर्यंत जातं.

चौथं काम: काय बदलायचं, कशाने

पैसे मर्यादित असतील तर फिल्टरआधी नळ बदला. पिण्याच्या पाण्यासाठी एकच नळ ठरवा आणि त्याच्यामागच्या शेवटच्या दीड-दोन मीटरमधलं सगळं पितळ काढा. स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा नळ, वाल्व आणि कोपरेही त्याच जातीचे. भिंतीतल्या सीपीव्हीसीच्या कोपऱ्यांत पितळी आटा बसवलेला असतो, तो सहज दिसत नाही, म्हणून प्लंबरला आधीच सांगा.

लाइन नवी टाकायची असेल तर पाइपावरचा छाप वाचूनच घ्या. सीपीव्हीसीला आयएस 15778, यूपीव्हीसीला आयएस 4985, विहिरीपासून टाकीपर्यंतच्या काळ्या एचडीपीईला आयएस 4984. आयएसआयचा शिक्का आणि बनवल्याची तारीख पाइपावरच असते. तारीख 2021 नंतरची घ्या. दुकानदाराने “तोच माल आहे, छाप पुसला गेलाय” म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जा. आट्यांवर टेफ्लॉन टेपच. सफेदा-शेंदराचा डबा प्लंबरच्या पिशवीत दिसला तर बाजूला ठेवायला सांगा. जीआयचा अर्धाच भाग कापून त्याला पितळी कपलिंगने नवा पाइप जोडणं टाळा, जोडाशी झीज वाढते.

पीएच फार कमी असेल तर टाकीआधी कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीच्या खड्यांचा, फिल्टर बसवता येतो. पाणी त्यातून जाताना थोडा चुना घेतं, आम्लता उतरते आणि सगळ्याच पाइपांची झीज कमी होते. खडे हळूहळू विरघळतात, दरवर्षी भर घालावी लागते. विहिरीत चुन्याची पोती ओतायचा सल्लाही मिळेल. तो मानू नका, एका दिवशी पीएच भलताच वर जातो आणि पावसात पुन्हा खाली येतो.

फिल्टर घ्यायचाच असेल तर

आरओ शिसं काढतो. शिशासाठी प्रमाणित केलेले कार्बन फिल्टरही काढतात. आरओला एनएसएफ (फिल्टर प्रमाणित करणारी अमेरिकी संस्था) 58, कार्बनला एनएसएफ 53 हे प्रमाण बघा आणि त्यात शिशाचा उल्लेख आहे का ते वाचा. नुसता यूव्ही किंवा यूएफ (बारीक छिद्रांच्या पडद्याचा फिल्टर) शिसं काढत नाही.

आपल्याकडे आरओच्या दोन अडचणी आहेत. पाणी आधीच कमी टीडीएसचं, म्हणून बसवणारा माणूस “चव येण्यासाठी” टीडीएस कंट्रोलर उघडतो. त्या पेचातून न गाळलेलं पाणी गाळलेल्यात मिसळतं आणि काढलेलं शिसं परत येतं. तो पूर्ण बंद करून घ्या. दुसरी अडचण अशी की आरओमधून निघालेलं पाणी आणखी मऊ आणि आम्लधर्मी असतं. ते पितळी तोटीतून किंवा पितळी पिंपातून घेतलं तर नव्याने शिसं ओढतं. आरओनंतर फक्त प्लास्टिक, स्टील, काच किंवा मातीचा माठ.

कल्हईचंही इथेच सांगतो. कल्हई शुद्ध कथलाची हवी, शिसं मिसळलेल्या कथलाची नको. कोकमाचं आगळ, चिंच, ताक यांत तिच्यातलं शिसं लगेच उतरतं. खात्रीचा कल्हईवाला नसेल तर आंबट पदार्थ स्टीलमध्ये किंवा मातीच्या भांड्यात करा.

लहान मुलं, शाळा आणि पुढची तपासणी

नळाच्या पाण्यात शिसं मर्यादेपेक्षा जास्त निघालं असेल तर बाळाचं वरचं दूध त्या पाण्यात कालवू नका, आणि मुलांच्या रक्तातलं शिसं तपासायला डॉक्टरांना सांगा. शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आलं तर स्रोत शोधून तो बंद करायचा असतो. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून नाचणी, पालेभाज्या आणि काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी मुलांच्या ताटात असू द्या. पण खाण्याने पाणी दुरुस्त होत नाही.

अंगणवाडी आणि शाळेच्या नळात शनिवार दुपारपासून सोमवारपर्यंत, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर कितीतरी दिवस, पाणी थांबून असतं. सोमवारी मुलं येण्याआधी शिपायाने किंवा सेविकेने नळ सोडून ते पाणी झाडांना घालायची पद्धत पाडता येते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडा.

दुरुस्ती झाल्यावर दोन-तीन आठवडे पाणी जास्त सोडत जा, कारण कापाकापीत सुटलेले कण त्या काळात येतात. जाळ्या आठवड्याला धुवा. मग पहिल्या धारेचा नमुना पुन्हा द्या. त्यानंतर वर्षातून एकदा मे अखेरीस, विहीर तळाला असताना, आणि एकदा भर पावसात, जेव्हा पाणी सर्वात मऊ असतं. अहवालाची एक झेरॉक्स जलसुरक्षकाकडे द्या. वाडीतली आणखी घरं त्याच विहिरीवर असतील तर तुमच्या अहवालातला पीएच त्यांनाही तसाच लागू आहे, आणि त्यांच्या नळांना कुणी अजून हात लावलेला नाही.